उत्तर बरोबर, उदाहरण चूक

पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात अ‍ॅन्युइटीवर आठ मार्कांचं एक उदाहरण आलं होतं. कर्ज इतकं, मुदत इतकी, व्याजदर इतका, तर मासिक हप्ता काढा. मी सूत्र लिहिलं, आकडे घातले, कॅल्क्युलेटरवर घात काढला आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. आठपैकी आठ मिळाले. ते सांगायला घरी फोनसुद्धा केला होता.

त्यानंतर महिन्याभरातच, २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत, तेच उदाहरण आमच्या घरी आलं आणि मी ते ओळखलं नाही.

आमचं घर सुरतला, बमरोलीत. सुरत म्हटलं की इथल्या मित्रांना हिरे आणि साड्या आठवतात. बमरोली म्हणजे त्या साड्यांच्या आधीची जागा. गल्लीगल्लीत लूमची खाती, दिवसरात्र खटखट. उधना, लिंबायत, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यातलंच आमचं एक. घरात अहिराणी, शाळा महानगरपालिकेची मराठी माध्यमाची, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि आता कॉलेजात इंग्रजी. आबा लूमवर काम करतात. बारा तासांची पाळी, बारा लूम, पगार मीटरवर.

त्या दिवाळीत मोठ्या भावासाठी जुना टेम्पो घ्यायचं ठरलं. खात्यातून निघालेलं ग्रे कापड मिलमध्ये आणि मार्केटात पोचवायचं काम मिळणार होतं. तीन लाखांचं कर्ज, ३६ महिने, दहा टक्के. एजंट घरी आला. कागद इंग्रजीत. आबांनी तो माझ्या हातात दिला. "वाच रे भाऊ, तू शिकेल शे."

मी वाचला. हप्ता १०,८३३ रुपये. दराच्या रकान्यात '१०% फ्लॅट' असं होतं. आबांनी विचारलं, "फ्लॅट म्हंजे काय?" एजंट म्हणाला, "सीधा हिसाब, काका." आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दहा टक्केच आहे, ठीक आहे." आबांनी सही केली.

जवळजवळ वर्षभराने फ्लाईंग राणीने घरी जात होतो. वेळ घालवायला दुसऱ्या वर्षाचं पुस्तक काढलं. त्यात हप्त्यांची कालरेषा काढायला सांगितली होती: एक आडवी रेघ, तिच्यावर महिन्यांच्या खुणा, प्रत्येक खुणेपाशी आत आलेले किंवा बाहेर गेलेले पैसे. पुस्तकातल्या आकड्यांऐवजी मी सहज घरचे आकडे घातले. वापी येईपर्यंत माझं डोकं गरम झालं होतं.

हिशेब असा होता. तीन लाखांवर दहा टक्के म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये व्याज, तीन वर्षांचे ९०,०००. मुद्दल आणि व्याज मिळून ३,९०,०००. त्याला ३६ ने भागलं की १०,८३३. म्हणजे दर महिन्याला ८,३३३ रुपये मुद्दलाचे आणि २,५०० व्याजाचे. 'सीधा हिसाब' खराच. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण तीन लाखांवर लागत राहतं. या हिशेबाने शेवटच्या महिन्यात मुद्दल उरतं फक्त ८,३३३ आणि त्यावर व्याज २,५००. एका महिन्याला तीस टक्के!

मग मी परीक्षेतलं सूत्र उलट्या बाजूने लावलं. हप्ता १०,८३३ आहे, तर खरा दर किती? सूत्राला सरळ उत्तर नाही, अंदाज घेत घेत जवळ जावं लागतं. महिन्याला दीड टक्का घेतला तर हप्ता किंचित जास्त येतो, १.४९ घेतला तर किंचित कमी. म्हणजे वर्षाला सुमारे १७.९ टक्के. खरोखरच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर लागणाऱ्या, दहा टक्क्यांनी हप्ता आला असता ९,६८० च्या आसपास. फरक महिन्याला साधारण १,१५० रुपयांचा, तीन वर्षांत ४१,००० पेक्षा जास्त. आबा ते मीटरवर कमावतात. येत्या दिवाळीत शेवटचा हप्ता आहे.

यात कोणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. कागदावर 'फ्लॅट' स्वच्छ लिहिलेलं होतं. आबांनी प्रश्नही बरोबर विचारला होता, चुकलो मी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लहान उद्योगांच्या कर्जांसोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. नियम चांगला आहे. पण तो कागदही कोणीतरी वाचावा लागतोच. घरातलं शिकलेलं मूल ते वाचेल असं आईवडील धरून चालतात.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. आठपैकी आठ मिळवणाऱ्याला समोर बसलेलं उदाहरण का दिसलं नाही?

मला सापडलेलं कारण असं की मी आजवर एकही उदाहरण स्वतः *मांडलं* नव्हतं, फक्त *सोडवलं* होतं. पुस्तकातलं उदाहरण धड्याच्या शेवटी येतं, म्हणजे सूत्र कोणतं ते आधीच ठरलेलं. लागतील तेवढेच आकडे दिलेले, न लागणारा एकही नाही. राहतं फक्त आकडे भरणं. अडलंच तर गाइड, सिनियरची वही, आणि आता तर फोन. फोटो काढला की दहा सेकंदांत पायरीपायरीने उत्तर येतं, तेही सुवाच्य. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर असाइनमेंट यायच्या आधी उत्तरं येतात. मीही त्यातून घेतली आहेत, उगाच सोवळेपणा दाखवत नाही.

पण घरात उदाहरण येतं तेव्हा त्याच्यावर धड्याचं नाव नसतं. ते अर्धं इंग्रजीत असतं, अर्धं एजंटच्या हिंदीत, आणि विचारणारा अहिराणीत विचारतो. त्याला गणिताच्या भाषेत आणणं हे पहिलं आणि सगळ्यात अवघड काम. नेमकं तेच काम आपण कधी करत नाही. फोटो काढायला तरी काही छापलेलं असावं लागतं. आबांच्या प्रश्नाचा फोटो कसा काढणार?

म्हणूनच हा विषय मी वाङ्मय मंडळाच्या अंकात आणतोय. उदाहरण वाचणं हे वाचनच आहे. 'दराने', 'दरमहा', 'किमान', 'पैकी', 'दिलेलं असताना' या शब्दांवर सगळं उभं असतं. कवितेतला एक शब्द सुटला तर रसग्रहण फसतं, इथे 'फ्लॅट' हा एक शब्द सुटला आणि ४१,००० रुपये गेले.

आपल्याकडे याची जुनी परंपराही आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्यातली 'लीलावती' उदाहरणांनी भरलेली आहे. कमळांवर विखुरलेले भुंगे, वाऱ्याने मोडलेला बांबू, खांबावरचा मोर आणि बिळाकडे निघालेला साप. प्रत्येक उदाहरण हे आधी एक चित्र आहे, त्यातलं गणित वाचणाऱ्याने शोधायचं. व्याजाची उदाहरणंही आहेत, मुद्दल आणि व्याज मिसळलेलं असताना ते वेगळं कसं करायचं याची. आमच्या चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे, १२०७ चा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, असं त्यात सांगितलंय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. मला त्याचा शेवट आवडतो. तो जुन्या मराठीत आहे आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला काय द्यायचं याची व्यवस्था त्यात लावून दिली आहे. म्हणजे गणिताचा अभ्यास बाजाराच्या पैशावर चालायचा. त्या अभ्यासाने बाजारातल्या माणसाला काही परत द्यावं, ही अपेक्षा मला तरी गैर वाटत नाही.

द्यायचं म्हणजे काय, याचा एक छोटा प्रयत्न सांगतो. दुसऱ्या वर्षी पॉयसाँ वितरण शिकलो. पुस्तकात टेलिफोन एक्सचेंजवर येणारे कॉल होते. मी सुट्टीत आबांच्या रात्रपाळीला वही घेऊन तीन तास बसलो. धागा तुटला की लूम थांबतो, आबा जाऊन गाठ मारतात, लूम परत चालू होतो. बारा लूम, तीन तास, १८ वेळा थांबले. तासाला सरासरी सहा. पॉयसाँच्या तक्त्याप्रमाणे सरासरी सहा असताना एखाद्या तासात दहा किंवा जास्त वेळा लूम थांबण्याची शक्यता सुमारे आठ टक्के निघते. बारा तासांच्या पाळीत सरासरी असा एक तास.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "एक तास अंगावर येतोच. त्यासाठी तक्ता कशाला?" मला अभिमान वाटला, माझा नव्हे, त्यांचा. पण पुढे ते जे म्हणाले ते पुस्तकात नव्हतं. एखादा बीम खराब लागला किंवा लाइटचं व्होल्टेज खालीवर झालं, की सगळे लूम एकदमच त्रास देतात. म्हणजे पॉयसाँमध्ये धरलेलं स्वातंत्र्य, एक धागा तुटण्याचा दुसऱ्याशी संबंध नसणं, तिथे मोडतं. वाईट तास तक्त्यापेक्षा जास्त वाईट असतात. गृहीतक म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. परीक्षेत मी ते 'गृहीत धरा' म्हणून पाठ लिहीत होतो.

अर्थशास्त्राचंही तसंच. कराचा बोजा कोणावर पडतो या प्रश्नाचं उत्तर आपण आकृती काढून देतो: मागणी आणि पुरवठा यांच्यात ज्याची लवचिकता कमी, त्याच्यावर जास्त. २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटीच्या विरोधात सुरतचा कापडबाजार बंद होता. तेव्हा मी शाळेत होतो. कापडावर पाच टक्के आणि कृत्रिम धाग्यावर त्याहून जास्त, अशी उलटी उतरंड होती. भांडण व्यापारी, विव्हर आणि सरकार यांचं. त्यात आबांचं नाव कुठेच नव्हतं. पण बाजार बंद, म्हणून माल उठेना. माल उठेना, म्हणून खातं बंद. आणि मीटर नाही म्हणून पगार नाही. आकृतीत 'श्रम' नावाची रेघ नसते, बोजा मात्र तिथवर पोचतो. हे उत्तरपत्रिकेत लिहायला हवं होतं, असं आता वाटतं.

एखादं उदाहरण कसं मांडायचं, यावर मोठमोठी माणसंही भांडली आहेत आणि त्यात दोन मराठी नावं आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढ्या खर्चावर त्यांनी रेषा आखली. सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी विचारलं, सरासरी गरज ही रेषा कशी होईल? माणसामाणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. म्हणून कुपोषित कोण हे ठरवायला सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खालची रेषा घ्यावी. तशी घेतली की भुकेल्यांची संख्या एकदम खाली येते. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद गाजला. दोघांनाही भागाकार उत्तम येत होता. वाद होता कोणता आकडा कुठे ठेवायचा याचा, आणि त्यावर लाखो माणसं मोजली जाणार की नाही हे अवलंबून होतं. आपण 'मीन' आणि 'स्टँडर्ड डेव्हिएशन' दोन दोन मार्कांना काढतो, तेव्हा हे कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू. माझी एक मैत्रीण म्हणते, "तुला हे बोलणं सोपं आहे. ज्यांच्या घरी कोणी शिकलेलं नाही, क्लासला पैसे नाहीत, त्यांना सोडवलेली उत्तरं हाच मास्तर असतो." तिचं म्हणणं खरं आहे. मी स्वतः बमरोलीत बसून अकरावी-बारावीचं गणित सोडवलेल्या उदाहरणांवरच शिकलो. मराठी माध्यमातून इंग्रजीत येताना 'वर्गमूळ' म्हणजे 'स्क्वेअर रूट' हेही तिथेच कळलं. म्हणून उत्तरं बंद करा असं मी म्हणणार नाही. जे आधीच पुढे आहेत त्यांचा त्यात काही तोटा नाही.

मुद्दा क्रमाचा आहे. अडण्याआधी पाहिलेलं उत्तर डोळ्यांवरून जातं. अडल्यानंतर पाहिलेलं उत्तर आपल्याला शिकवतं, कारण आपण कुठे अडलो हे तेव्हा माहीत असतं. मी आता वीस मिनिटांचा नियम ठेवलाय. वीस मिनिटं फोन उलटा. आधी उदाहरण मराठीत, माझ्या शब्दांत लिहायचं: काय दिलंय, काय विचारलंय आणि काय दिलेलं नाही. मग सूत्राआधी अंदाज. दिवाळीत मी फक्त एवढा विचार केला असता, की कर्ज तीन लाखांवरून शून्यावर येतं, म्हणजे सरासरी साधारण दीड लाखच वापरायला मिळतात आणि व्याज मात्र वर्षाला ३०,०००, तरी दर दहाच्या दुपटीजवळ जातो हे कागदपेन्सिलीशिवाय दिसलं असतं.

आणि शेवटी उत्तर त्या विषयातल्या माणसाला ऐकवायचं. एकदा मी लूमचं उत्पादन काढलं. मिनिटाला १५० फेरे, इंचात ५२ पीक म्हणजे आडवे धागे, लूम ८५ टक्के वेळ चालू, पाळी बारा तासांची. उत्तर आलं १,७६५ मीटर. आबा हसले. "एका लूमवर? मग आपण सेठ नसतो झालो?" मी एकक विसरलो होतो, ते १,७६५ इंच होते. मीटरमध्ये ४५ च्या आत. विज्ञानाच्या तासाला एकक तपासा म्हणून शंभर वेळा ऐकलं होतं, लक्षात राहिलं ते आबांच्या हसण्यामुळे.

आपल्या मंडळात कविता वाचन होतं, कथा वाचन होतं. महिन्यातून एक दिवस उदाहरण वाचन ठेवता येईल का? प्रत्येकाने घरातलं, गल्लीतलं, गावातलं एक न सुटलेलं उदाहरण मराठीत लिहून आणायचं. भिशीचा हिशेब, विम्याची पावती, शेतातल्या मोटारीचं बिल, काहीही. सायन्सवाल्यांनी, कॉमर्सवाल्यांनी आणि आर्ट्सवाल्यांनी मिळून ते आधी नीट वाचायचं, मग मांडायचं. सुटलं तर छान, नाही सुटलं तरी मांडणी झालेली असेल.

गेल्या सुट्टीत चुलतकाका कर्जाचा कागद घेऊन घरी आले होते, त्यांना टेम्पोच घ्यायचाय. आबांनी कागद परत माझ्याच हातात दिला. मागच्या वेळेचं त्यांना सगळं सांगितलेलं आहे, तरी दिला. या वेळी मी लगेच काही बोललो नाही. वही काढली, एक आडवी रेघ ओढली, ३६ खुणा केल्या आणि काकांना म्हणालो, "बसा, थोडा वेळ लागेल."

– टी. वाय. बी. ए. (अर्थशास्त्र–संख्याशास्त्र)